जवळची सुटी

दिवाळीची सुटी आली की सहलीच्या खर्चाचा विषय घरोघरी निघतो. परिचयातील एका कुटुंबाने महाबळेश्वरासाठी पतपेढीचे कर्ज काढले. सहल चार दिवसांची, हप्ते वर्षभराचे! अशा वेळी मी पाटणादेवी सुचवितो. जळगावहून वा धुळ्याहून आगगाडीने चाळीसगाव गाठावे. तेथून ते स्थान सुमारे १८ किलोमीटर. सोबत घरची शिदोरी असावी. पावसाळा नुकताच सरल्याने गौताळ्याचे डोंगर हिरवे असतात. याच पाटण्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख त्याची साक्ष देतो. खानदेशातील मुलांना हे ठाऊक असावयास हवे. शिवाय, स्थळ किती दूर होते हे मुले विसरतात. त्या दिवशी वडील निवांत होते, हे मात्र विसरत नाहीत.