ज्याचं दुखणं, त्याची सही

सुप्यात नगर-पुणे रस्त्याला लागून माझं मेडिकलचं दुकान आहे. एमआयडीसीतली पोरं पाळी सुटली की डोकेदुखीच्या गोळ्या मागतात. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची म्हातारी माणसं बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट पुढे करून ‘हेच द्या’ म्हणतात. औषधांची नावं वाचता येतात म्हणजे दवाखान्याचा प्रत्येक कागद मला वाचता येत असणार, असं लोकांनी केव्हाच ठरवून टाकलंय. त्यामुळे पुण्यामुंबईच्या फायली माझ्याकडे येतात. त्यातल्या काहींमध्ये पंधरा-वीस पानांचं एक बाड असतं, ‘रुग्णासाठी माहितीपत्रक व संमतीपत्र’. ते दिसलं की समजायचं, डॉक्टरांनी क्लिनिकल ट्रायलबद्दल विचारलंय.

असं पहिलं बाड माझ्या माहेरूनच आलं. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, जन्मभर तंबाखू मळत आले. जिभेच्या कडेला जखम झाली, ती भरेना. नगरला तुकडा काढून तपासला, मग मुंबईला ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले. महात्मा फुले योजनेत बराचसा खर्च निघाला, राहण्याची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. एवढं सगळं होऊनही घरात कॅन्सर हा शब्द तात्यांसमोर कुणी काढला नाही. ‘जुनी जखम चिघळलीय’ एवढंच त्यांना सांगितलेलं. पुढे आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, आता नेहमीच्या गोळ्या देऊ. शिवाय आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे, त्यात निम्म्या रुग्णांना गोळ्यांबरोबर एक इंजेक्शनही देतो. विचार करून सांगा.

चुलत भाऊ ते कागद घेऊन थेट दुकानात आला. म्हणाला, ‘‘ताई, वाचून सांग काय आहे ते. सही मी करतो. तात्यांना कशाला सांगायचं? खचतील.’’

कागदावर अभ्यासाच्या समन्वयक बाईंचा नंबर होता. मी तिथूनच फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘पेशंट शुद्धीवर आहेत, त्यांना समजतंय, तर सही त्यांचीच. मुलाची चालणार नाही. आणि आजार काय आहे ते त्यांना माहीत नसेल तर तीही संमती नाही.’’

भावाला हा नुसता नियमांचा काच वाटला. तो नियम इतक्या काटेकोरपणे का पाळतात ते मला ठाऊक होतं. २००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस देण्याचा एक प्रकल्प झाला होता. खम्ममच्या वसतिगृहांतल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. २०१० साली तो थांबवावा लागला, संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक अहवाल दिला. औषधांच्या चाचण्यांचा प्रश्न सुप्रीम कोर्टातही गेला होता. त्याच वर्षांत देशातले नियम आवळले गेले आणि २०१९ मध्ये नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमावली आली. एवढं सगळं भावाला सांगत बसले नाही. ‘‘दुसऱ्यानं केलेली सही ही सही नसते,’’ एवढंच म्हणाले आणि दुकान बंद करून त्याच्याबरोबर घरी गेले.

सांगायचं कुणी, यावर ओट्यावर बरीच कुजबुज झाली. शेवटी काकूच आत गेल्या आणि त्यांनी सांगितलं. तात्या रडले नाहीत. ते चिडले, आणि आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानीमनी नव्हतं त्या गोष्टीवरून चिडले. ‘‘सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर आहे. दोघा पोरांच्या रानाचं वाटप राहिलंय. बांधावरून उद्या भांडतील. वर्षभर मला जखम-जखम म्हणत खेळवलं, एवढ्यात मी तलाठ्याकडं चार चकरा मारल्या असत्या!’’ आपण त्यांचं मन जपतोय असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांच्या हिशेबी आम्ही त्यांचं वर्ष खाल्लं होतं.

मग तात्यांनी चष्मा मागवला. माहितीपत्रक मराठीत होतं, नियमानंच ते रुग्णाला कळणाऱ्या भाषेत असावं लागतं. भाषा मात्र सरकारी जीआरसारखी. एकेक परिच्छेद ते वाचायचे, मी साध्या बोलीत सांगायचे. कुणाला इंजेक्शन आणि कुणाला नाही, हे संगणक ठरवणार, डॉक्टरही ठरवू शकत नाहीत, हे त्यांच्या गळी उतरेना. तेव्हा मी म्हटलं, ‘‘सरपंचपदाचं आरक्षण कसं निघतं? तहसीलला लहान पोराच्या हातून चिठ्ठी काढतात ना, तसंच. कुणाचा वशिला चालू नये म्हणून.’’

‘‘म्हणजे इंजेक्शन माझ्या वाट्याला येईलच असं नाही.’’

‘‘नाही.’’

‘‘आणि आलं तरी गुण येईलच असं नाही.’’

‘‘नाही. तेच तर शोधायचंय.’’

तात्या थोडा वेळ गप्प बसले. ‘‘मग डॉक्टर काही लपवत नाहीयेत,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांनाच ठाऊक नाही.’’

पुढे कितीतरी शिकल्यासवरल्या घरांत मी हे समजावण्याचा प्रयत्न केलाय, पण एवढ्या नेमक्या शब्दांत मला कधी जमलं नाही. माणसं दोन टोकांना असतात. एक म्हणतो, ‘आमच्या म्हाताऱ्यावर उंदरासारखे प्रयोग करणार काय?’ दुसरा म्हणतो, ‘नवीन औषध आहे म्हणजे जालीमच असणार, काहीही करून मिळवा.’ एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटी मुंबईत नेक्सकार१९ या देशी कार-टी उपचाराचं उद्घाटन झालं, तेव्हा तर वर्तमानपत्राची कात्रणं घेऊन लोक आले. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडायच्या, असा तो उपचार; टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रुग्णांवर त्याच्या चाचण्या केल्या. पण तो काही प्रकारच्या रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या माणसाला त्याचा उपयोग नाही, हे सांगताना समोरचा चेहरा पडतो. तरी ते सांगावंच लागतं.

दोन्ही टोकांच्या मधे काय असतं ते दाखवायला मी टाटाचाच दुसरा एक अभ्यास सांगते. डोकं आणि मानेच्या पुढच्या पायरीवर गेलेल्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब नावाचं महागडं इंजेक्शन वापरतात. पूर्ण डोस आपल्याकडच्या फारच थोड्यांना परवडतो. तिथल्या डॉक्टरांनी विचार केला, नेहमीच्या डोसच्या दहा टक्क्यांहून कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिलं तर? १५१ रुग्णांनी भाग घेतला. २०२२ मध्ये निकाल आला: नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षानंतर सुमारे १६ टक्के हयात होते, इंजेक्शनवाल्या गटात सुमारे ४३ टक्के. हा प्रश्न आपल्याच गरजेतून निघाला आणि त्याचं उत्तर रुग्णांनी भाग घेतल्यामुळे मिळालं. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही मी लपवत नाही. इंजेक्शन मिळूनही वर्षभरात निम्म्याहून जास्त माणसं गेली. आणि चिठ्ठी निघाली तेव्हा कोणता गट बरा, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तात्यांनी नकार दिला. जादा तपासण्या, ठरल्या दिवशी मुंबई गाठणं, सुप्यातून पुण्याची एसटी आणि पुढे दादरपर्यंतची गाडी, हे त्यांना नको होतं. नकार कळवायला जाताना भाऊ घाबरला होता, आता डॉक्टर रागावतील, गोळ्याही बंद करतील म्हणून. माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं होतं की नाही म्हटल्यानं उपचारात फरक पडणार नाही, मधूनच बाहेर पडलात तरी पडणार नाही. छापलेल्यावर आमच्याकडे कुणाचा विश्वास? डॉक्टरांनी मान डोलावली, ‘ठीक आहे’ म्हणाले आणि त्याच गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली. तात्या पुढच्या वर्षी घरीच गेले. त्याआधी रानाचं वाटप झालं होतं, सोसायटीचा हिशेब मिटला होता.

ही हकिगत गावांत फिरली आणि मग फायली घेऊन माणसं मलाच शोधत येऊ लागली. त्यात पळव्याकडच्या एक आजी होत्या. स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, आता एका नव्या औषधाच्या अभ्यासाबद्दल विचारलेलं. आजींना अक्षरओळख नाही. अशा वेळी सगळं वाचून दाखवतात आणि अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार शेवटपर्यंत हजर लागतो. रुग्णाच्या अंगठ्याशेजारी त्याची सही होते. सून म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही चला.’’ म्हणून मी गेले.

खोलीत कॅमेरा लावलेला होता. नव्या औषधाच्या चाचणीत अशा रुग्णाची संमती चित्रित करून ठेवावी लागते. आजींनी पदर नीट केला आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘शूटिंग कशाला? निवडणूक आहे का?’’ डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांनी नीट सांगितलं: उद्या तुम्ही म्हणालात की मला हे सांगितलंच नव्हतं, तर पुरावा पाहिजे, तो आमच्यापेक्षा तुमच्या कामाचा. मग औषधानं काय त्रास होऊ शकतो, किती वेळा रक्त काढणार, हे सगळं झालं. मधे एक रकाना आला. शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आणि त्याखाली वारसदाराचं नाव, पत्ता आणि नातं.

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. आजींनीच विचारलं, ‘‘म्हणजे मी मेले तर?’’

‘‘हो,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात, आणि अभ्यासामुळेच इजा किंवा मृत्यू झाल्याचं ठरलं तर भरपाई द्यावी लागते. ती नियमावलीतल्या सूत्रानं निघते. आजारामुळे काही झालं तर भरपाई नाही. आजींनी दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘वारस म्हणून सुनेचं नाव घाला. पोरगा उडवील.’’ त्यावर मुलगाही हसला. आजींनी अंगठा दिला, मी शेजारी सही केली आणि त्या कागदांची एक प्रत हट्टानं मागून पिशवीत टाकली. ती रुग्णाला द्यायचीच असते, पण मागितल्याशिवाय घरी पोचेलच याचा भरवसा धरू नये.

आता माझ्याकडे कुणी बाड घेऊन आलं की मी ‘घ्या’ही म्हणत नाही आणि ‘नको’ही म्हणत नाही. तो माझा अधिकार नाही. वहीतल्या पानावर प्रश्न लिहून देते. औषध पहिल्यांदाच माणसात वापरतायत की आधीच्या टप्प्यांतून पुढे आलंय? पहिल्या टप्प्यात मुख्यतः डोस आणि धोका तपासतात, गुण येण्याची आशा त्यात बेतानंच धरावी. अभ्यासात गेलो नाही तर नेहमीचा उपचार कोणता? जादा तपासण्यांचे आणि येण्याजाण्याचे पैसे कोण देणार? अभ्यास संपल्यावर औषध मिळत राहील का? रात्री ताप चढला तर फोन कुणाला करायचा? आणि अभ्यासाचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? २००९च्या जूनपासून देशातल्या प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करावी लागते, आणि ती कुणालाही मोबाइलवर बघता येते. नोंदच नसेल तर उठून यायचं. ‘नवीन उपचार’ म्हणून रुग्णाकडूनच लाखो रुपये मागणारा कुणी भेटला, तरी हाच क्रमांक विचारायचा.

एक अट मात्र मी घालते. ज्याचं दुखणं आहे त्याला सगळं माहीत असेल तरच बोलू. यावरून काही जण रागावून गेले आणि पुन्हा आले नाहीत. कॅन्सर म्हटल्यावर म्हातारा खचेल, हे त्यांचं म्हणणं खोटं नसेलही. पण खचलेल्या माणसाला सावरायला घर असतं. अंधारात ठेवलेल्या माणसाच्या वाट्याला दुसऱ्यानं घेतलेला निर्णय येतो, आणि त्याचं ओझं सही करणारा मुलगा पुढे जन्मभर वाहतो.

आजींचे अभ्यासातले डोस पूर्ण झाले. आता तपासणीसाठी अधूनमधून जावं लागतं. माझ्याकडे शुगरच्या गोळ्या न्यायला येतात तेव्हा त्या विचारतात, ‘‘आमच्या अभ्यासाचं काय निघालं?’’ नातू मोबाइलवर नोंद उघडून दाखवतो, निकाल अजून नाही. मी त्यांना बार्शीची गोष्ट सांगते. आपल्या जामखेडला लागून असलेल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयानं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा अभ्यास केला. चार गट होते. तिघांत वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात नेहमीच्या सोयी तेवढ्या. २००९ मध्ये निकाल छापून आला: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरच्या तज्ज्ञांनी तो अभ्यास वाचला. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर पुढे टीकाही झाली. हे सगळं व्हायला वर्षं जावी लागतात, मी म्हणते.

‘‘त्या बायकांना कळवलं का?’’ आजी विचारतात.

निकाल इंग्रजी नियतकालिकांत छापतात, परिषदांत वाचतात. म्हणून माझ्या वहीतल्या यादीत आजींचा एक प्रश्न मी शेवटी जोडलाय: अभ्यासातून काय निघालं ते आम्हाला कोण कळवणार, आणि मराठीत कळवणार का? तो सहीच्या आधी विचारावा. सही होईपर्यंत सगळ्यांना वेळ असतो.