माळ केव्हां पाहावा ?

वाळवंटी प्रदेशांतील अभयारण्यें कोणत्या ऋतूंत पाहावीं, असा वाद गतवर्षीं आमच्या घरांत निघाला. धाकटे बंधू जैसलमेरच्या मरु राष्ट्रीय उद्यानाचे पक्षपाती. आमचें म्हणणें असें कीं, कळंबास राहणाऱ्यानें इतकें दूर कां जावें ? नीरेच्या कालव्याखालीं ऊंस डोलतो खरा. परंतु कालव्याचें पाणी जेथें पोंचत नाहीं, तेथें वर्षाचा पाऊस पांचशें मिलिमीटरांच्या आसपास, आणि त्यांतलाही मोठा वांटा भाद्रपद-आश्विनांतला.

मुलांना सुटी वैशाखांत, म्हणून वैशाखांतच निघालों. बारामतीपलीकडे सुपें येथें १९९७ सालीं स्थापन झालेलें मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र पांच चौरस किलोमीटरांहून किंचित् अधिक. उन्हाळ्यांत जनावरें पाण्यावर येतात व हमखास दिसतात, ही समजूत खोटी नाहीं. वनखात्याच्या पाणवठ्याजवळ, बाभळीच्या विरळ सावलींत, नातवंडें, शिदोरी, तांब्या-पेले असा सारा संसार मांडून आम्ही बसलों. थोड्या वेळानें समोरच्या उंचवट्यावर चिंकारा जातीची एक हरिणी पाडसासह येऊन उभी राहिली. मुलांनीं टाळ्या पिटल्या. ती पुढेंही येईना, मागेंही जाईना. आम्हांस वाटलें, ही कौतुकानें आमच्याकडे पाहत आहे. तोंच वनरक्षक हलकेच म्हणाला, “गुरुजी, आपण तिच्या वाटेवर बसलां आहांत. तिला पाणी प्यावयाचें आहे.”

आम्ही उठेपर्यंत ती निघून गेली. चिंकारा पाल्यांतील ओलाव्यावर व दंवावर पुष्कळ दिवस काढतो. पण वैशाखांत पाला कोठला आणि दंव कोठलें! शाकुंतलाचा पहिला अंक आम्हीं वर्गांत कितीदां शिकविला. हरिणामागें रथ हांकणाऱ्या राजाला बोल लावणें तेव्हां फार सोपें वाटे. परततांना तांब्यांतलें पाणी घशाखालीं उतरेना.

यंदा मार्गशीर्षांत गेलों. पहाटे लोंकरी कपडे हवेत, मात्र नऊ वाजतां तेच ओझें होतें. गवत पिवळें सोनेरी झालेलें. थंडीपुरते उत्तरेकडून आलेले भोवत्या पक्षी त्यावरून अगदीं खालून तरंगत होते. चिंकारे तीनच दिसले, तेही दूर, परंतु निर्धास्त चरत असलेले. (आमच्या कुटुंबाला दुर्बिणींतून कांहींच दिसलें नाहीं, ही तक्रार अद्याप चालू आहे.) इंदापूर तालुक्यांतला कडबनवाडीचा माळही याच दिवसांत पाहावा; माघांत जाणाऱ्यास भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षीही भेटतात. पावसाळ्यांत मात्र गाडी गवतांत घालूं नये; चंडोलांचीं घरटीं जमिनीवरच असतात.

मुलांची शाळा बुडेल म्हणाल, तर नाताळची सुटी त्याच सुमारास येते. बंधूंनींही जैसलमेरचीं तिकिटें त्याच सुटींतलीं काढलीं आहेत.