पौंडच दाबा, आप्पा

विकास सोसायटीचा सचिव म्हणून मी उभी हयात लोकांच्या व्याजाचे हिशेब केले. कुणाचं पीककर्ज कधी थकलं आणि कुणाची बाकी कुठल्या पानावर आहे, हे रहिमतपूरच्या बाजारात उभ्या उभ्या सांगायचो. त्यामुळे लेकीनं लंडनहून ‘आप्पा, येताना क्रेडिट कार्ड काढूनच या’ असं कळवलं, तेव्हा त्यात अवघड काही वाटलं नाही. आमच्यासारख्या निवृत्त माणसाला कार्ड देणार कोण, एवढीच शंका होती. बँकेतल्या मुलीनं ती चुटकीसरशी मिटवली. “काका, तुमची एफडी आहे ना? तिच्यावर देतो की.” म्हणजे ठेव माझी, आणि तिच्या जिवावर उधारीही मलाच. “शिवाय लाइफटाइम फ्री आहे,” ती म्हणाली. फ्री म्हणजे फक्त वर्षाची वर्गणी माफ, बाकी मीटर चालू, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कार्डाबरोबर एक पुस्तिका आली. नाव ‘सर्वात महत्त्वाच्या अटी व शर्ती’ आणि अक्षरं इतकी बारीक, की सौ.चा सुई ओवायचा चष्मा लावावा लागला. त्यात एका कोपऱ्यात ‘फॉरेक्स मार्कअप ३.५% अधिक जीएसटी’ असं होतं. मी वहीत लिहून घेतलं: परकी चलन वरखर्च, साडेतीन टक्के. जीएसटी १८ टक्के. बेरीज साडेएकवीस. लाखाच्या खर्चावर साडेएकवीस हजार! मी सौ.ला सांगितलं, बॅग भरू नकोस. रात्री लेकीला फोन करून ही लूट समजावून सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आप्पा, जीएसटी खर्चावर नाही, त्या साडेतीन टक्क्यांवर.” मग पुन्हा मांडलं. हिशेबाला सोपा म्हणून पौंड १०० रुपये धरू. १०० पौंडांची खरेदी म्हणजे १०,००० रुपये. त्यावर मार्कअप ३५० आणि त्या ३५० वर जीएसटी ६३. एकूण १०,४१३. साडेएकवीस नव्हे, ४.१३ टक्के. व्याजाची मांडणी करण्यात केस पांढरे झालेल्या माणसाची ही पहिली मांडणी.

तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर नवीन भीती आली: परदेशात कार्ड वापरलं की सरकार २० टक्के कापून घेणार. परिपत्रकं वाचायची सवय असल्यानं हे मात्र मुळापासून काढलं. देशाबाहेर वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे नेता येतात, ती एक योजना आहे. तिच्यातल्या एका मर्यादेपुढच्या रकमेवर उगमापाशी कर गोळा करतात. मे २०२३ मध्ये सरकारनं परदेशात वापरलेलं क्रेडिट कार्डही या योजनेत आणलं. त्यावर एवढा गलका झाला, की २८ जून २०२३ ला तो निर्णय पुढे ढकलला. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड मात्र योजनेतच राहिलं, आणि कराची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवर गेली. आमचा सगळा खर्च त्याच्या आसपास फिरकणारही नव्हता. ज्या करासाठी मी आठवडाभर झोप घालवली, तो भरायची माझी ऐपतच नव्हती.

निघण्याआधी कार्ड ‘चालू’ करायचं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातच चालतं. परदेश, ऑनलाइन खरेदी आणि यंत्राला नुसतं टेकवून पैसे देणं, ही बटणं कार्डवाल्यानं स्वतः चालू करायची. मी शाखेत गेलो, तर ती मुलगी म्हणाली, “काका, मोबाइलवरच होतं.” घरी येऊन ‘आंतरराष्ट्रीय’ असं लिहिलेलं बटण मोठ्या धीरानं सरकवलं. ते हिरवं झालं. खाली आणखी बटणं होती, पण एवढ्या मोठ्या शब्दापुढे ती किरकोळ वाटली.

त्या किरकोळ बटणांनी लंडनच्या पहिल्याच बसमध्ये गाठलं. तिथल्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. मी १० पौंडांची नोट पुढे केली, ड्रायव्हरनं मान हलवली. कार्ड यंत्रावर टेकवलं, तर लाल दिवा. पुन्हा टेकवलं, जरा जोरात. पुन्हा लाल. मागं रांग. जावईबापूंनी माझा मोबाइल घेतला आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ नावाचं बटण सरकवलं. दिवा हिरवा झाला. मी आत सरकलो आणि सौ.साठी तेच कार्ड परत टेकवायला निघालो. तेव्हा कळलं, की तिथं एका माणसाला एक कार्ड. तिचं भाडं जावईबापूंनी त्यांच्या कार्डावर भरलं. सासऱ्यानं लेकीच्या घरी जाताना जावयाच्या पैशानं जायचं, हे आमच्या घराण्यात प्रथमच घडलं.

आम्ही गेलो तेव्हा बसचं भाडं पावणेदोन पौंड होतं. पण बिलात प्रत्येक फेरी वेगळी येत नाही. दिवसभरातली टेकवाटेकवी गोळा करून एकच रक्कम येते. पहिल्या टेकवण्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे पैसे पडत नाहीत. हे कळल्यावर मी सौ.ला घड्याळ लावून पळवू लागलो. एकदा तासाला दोन मिनिटं कमी असताना धावत बस गाठली. ती उलट्या दिशेची होती.

मग कोटाची गोष्ट. थंडी आमच्या स्वेटरला जुमानेना म्हणून एका दुकानात ६० पौंडांचा कोट घेतला. पैसे द्यायला यंत्र समोर आलं, त्यावर दोन रकमा: एक पौंडात, एक रुपयांत. कुठली हवी ते दाबा. परमुलखात रुपया दिसला आणि मला अगदी गाववाला भेटल्यासारखं झालं. किती जाणार ते इथंच कळतंय, मग घोळ कशाला, असा विचार करून रुपये दाबले. घरी आल्यावर लेकीनं पावती पाहिली आणि कपाळाला हात लावला. “आप्पा, पौंडच दाबायचं!”

हा प्रकार तिनं मला तीनदा समजावला. याला म्हणतात डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, माझ्या वहीत ‘जागच्या जागी चलनबदल’. एरवी पौंडाचा रुपया करतं ते व्हिसा किंवा मास्टरकार्डचं जाळं, आणि त्यांचा दर बाजारभावाच्या जवळपास असतो. त्यावर आपली बँक मार्कअप लावते. पण यंत्रावर आपण रुपये निवडले, तर हे काम दुकानाच्या बाजूची मंडळी करतात. दर त्यांचा आणि त्यातला नफाही त्यांचाच. तो आपल्या बँकेच्या साडेतीन टक्क्यांहून जास्त असू शकतो. मी म्हणालो, बरं, पण मग आपल्या बँकेचा मार्कअप तर वाचला? तेव्हा तिनं ती बारीक अक्षरांची पुस्तिका उघडली. परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावरही माझी बँक एक टक्का आणि त्यावर जीएसटी लावते. अशी वेगळी आकारणी आपल्याकडच्या बऱ्याच बँका करतात. म्हणजे गाववाल्यानं एका खिशातून काढलं आणि बँकेनं दुसऱ्या. कोट मात्र उबदार निघाला.

यानंतर मी यंत्रासमोर पौंड दाबायला इतका उतावीळ झालो, की ज्या दुकानात निवड विचारलीच नाही तिथंही “पौंड, पौंड” म्हणत राहिलो. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, म्हातारा भाव विचारतोय. तिनं मला किंमत पुन्हा हळू आवाजात सांगितली.

एका रविवारी लेक आम्हाला लंडनच्या महाराष्ट्र मंडळात घेऊन गेली. हे मंडळ १९३२ सालचं. त्याच्या स्थापनेत पुढाकार होता न. चिं. केळकरांचा, जे टिळकांकडे जाण्याआधी आमच्या साताऱ्यात वकिली करत होते. तिथं साठ-पासष्ट वर्षांपूर्वी आलेले एक गृहस्थ भेटले. त्या काळी भारतातून निघताना सरकार तीन पौंड बरोबर नेऊ द्यायचं. मी त्यांना मार्कअप, जीएसटी, जाळ्याचा दर असं सगळं उत्साहानं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “तीन पौंडांवर किती बसला असता हो?” मी चक्क हिशेब करू लागलो.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेलो तो दिवस स्वस्तात गेला, कारण प्रवेश फुकट. इथली वाघनखं जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हाच मी एसटीनं जाऊन पाहिली होती. त्यामुळे व्हिसा न काढता इथली वस्तू पाहिलेला माणूस म्हणून जावईबापूंपुढे थोडा भाव खाता आला. तो फार टिकला नाही.

कारण दुसऱ्याच दिवशी एका छोट्या दुकानात आलं घ्यायचं होतं. आमच्या भागात आलं गाडीवर विकतात, ५०० किलोची एक गाडी. इथं ते बोटभर तुकड्यानं. एवढ्याशा आल्यासाठी कार्ड काय काढायचं, आणि आणलेली रोकड संपत आलेली. समोर एटीएम दिसलं. कुणालाही न विचारता क्रेडिट कार्ड घालून २० पौंड काढले. पैसे आले. मी खूश.

घरी सांगितल्यावर जावईबापू काही बोलले नाहीत, पुस्तिकेतलं पान काढून दिलं. क्रेडिट कार्डावर रोख काढली तर अडीच टक्के किंवा ५०० रुपये, जे जास्त असेल ते. आमच्या सोप्या दरानं २० पौंड म्हणजे २,०००. त्यावर ५०० शुल्क, ९० जीएसटी, मार्कअप ७० आणि त्यावरचा जीएसटी १२.६०. सगळे मिळून ६७२ रुपये ६० पैसे. दोन हजार काढायला एक तृतीयांश रक्कम! शिवाय खरेदीला बिल भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत जी बिनव्याजी मुदत असते, ती रोखीला नाही. काढल्या दिवसापासून व्याज, माझ्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. आमच्या सोसायटीत वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं मिळतं. आलं पिकवणाऱ्याला शून्य टक्के आणि विकत घेणाऱ्याला बेचाळीस.

बुटांनी आणखी एक धडा दिला. पौंड दाबून, छाती काढून घेतलेले बूट बोटांना लागले म्हणून परत केले. दुकानानं पौंड पूर्ण परत दिले. पण रुपयांत कमी आले. एक तर परतीच्या दिवशीचा दर वेगळा होता. आणि बँकेनं आधी लावलेला मार्कअप परत दिला नाही. न घातलेल्या बुटांचा वरखर्च माझ्या खात्यावर राहिला.

रहिमतपूरला परत आल्यावर बिल छापून घेतलं, तांबड्या पेनानं खुणा करायला बसलो. खरेदीच्या दिवशीच्या दरानं गुणलं तर एकही रक्कम जुळेना. कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, “काका, दर सेटलमेंटच्या दिवसाचा असतो, खरेदीच्या नाही.” म्हणजे दुकानदाराचा व्यवहार जाळ्यातून बँकेपर्यंत पोचून मिटतो त्या दिवसाचा. मधे एक-दोन दिवस जातात, शनिवार-रविवार आला तर आणखी. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघंही आपला रोजचा दर संकेतस्थळावर देतात. तारीख घातली की आकडा समोर. त्या दरानं आकडे पैशापर्यंत जुळले. मी सौ.ला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “जुळलं ना? मग परत मिळतील का?”

पूर्ण बिल भरून टाकलं आणि कार्ड कपाटात ठेवलं. पुढच्या महिन्यात कुठलीही खरेदी न करता पुन्हा बिल आलं. रोखीवरचं व्याज बिल छापल्यावरही पैसे भरेपर्यंत चढत होतं. ती शेपूट आता आली होती: व्याज १४ रुपये. खाली आणखी एक ओळ होती, ती मी चष्मा पुसून दोनदा वाचली. त्या व्याजावर जीएसटी, २ रुपये ५२ पैसे. आमच्या कर्जाच्या व्याजावर हा कर कधी लागला नाही. शोधलं तर कायद्यात तसंच निघालं: कर्जाच्या व्याजाला जीएसटी माफ, फक्त क्रेडिट कार्डाचं व्याज वगळून. १६ रुपये ५२ पैसे मोबाइलवरून भरले. त्या वेळी यंत्रानं चलन कुठलं ते विचारलं नाही.