तीन गुण

मोरा बंदरावर गेलो, की तो मला हटकून आठवतो. माझ्या वर्गातला ख्रिस्ती मुलगा. वय अवघे सोळा आणि रक्ताचा कर्करोग. उरणला रेल्वे आली ती २०२४ च्या जानेवारीत. त्याच्या वेळी मुंबईची जवळची वाट लाँचचीच. ओहोटीला तीही गाळापायी अडायची. भाऊच्या धक्क्यावर उतरून तो परळच्या टाटा रुग्णालयात जाई. परतताना लाँचमध्ये बसून निबंध लिही.

एकदा मी त्याला तीन गुण जादा दिले. दुसऱ्या दिवशी वही घेऊन तो समोर उभा! म्हणाला, "सर, हे गुण निबंधाचे की आजाराचे?"

मी ओशाळलो. लाल शाईने तीन गुण खोडले. तो प्रसन्न हसला. कीव करणारे त्याला घरीदारी पुष्कळ होते. विद्यार्थी म्हणून वागवणारा एक तरी हवा होता.

दिवाळीच्या आगेमागेच २ नोव्हेंबर येतो, ख्रिस्ती बांधवांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्याच्या थडग्यावर मेणबत्त्या लागतात. मी घरची एक पणती नेऊन ठेवतो. त्याची आई काही बोलत नाही. वाऱ्याला हाताचा आडोसा धरते.