एका आंकड्याचे तीन अर्थ

आंकड्यांविषयीं आपल्या लोकांच्या मनांत एक विलक्षण आदर असतो. शब्द खोटा ठरूं शकतो, चेहरा फसवूं शकतो. पण कागदावर छापलेला आंकडा मात्र निःपक्षपाती, असें आपण गृहीत धरून चालतों. परीक्षेंतील गुण, पत्रिकेंतील गुण, बँकेंतील शिल्लक आणि तापमापकांतील पारा यांच्यापुढें घरांतील वडीलधारीं माणसेंहि मान तुकवितात. या मालिकेंत अलीकडे थायरॉईडच्या तपासणीच्या आंकड्याची भर पडली आहे. हळदीकुंकवाला चार बायका जमल्या कीं "तुझा किती आला?" हा प्रश्न, पूर्वीं पाटल्यांचें वजन विचारीत तितक्याच सहजतेनें, आतां विचारला जातो.

या दुखण्याच्या सोबतीनें मीं एकोणीस वर्षें काढलीं आहेत. त्यामुळें या आंकड्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचा थोडासा अधिकार मला अनुभवानें आला आहे. विद्वत्तेनें नव्हे, हें आरंभींच सांगून ठेवतें.

माझ्या दुखण्याची सुरुवात अगदीं सामान्य होती. सकाळीं उठतांना अंगावर ओलें घोंगडें पडल्यासारखें वाटे. वैशाखांतहि पंखा नकोसा होई. केंस फणींत येत, आवाज घोगरा झाला, वजन वाढलें, आणि देवघरांत जाऊन आपण कशाकरितां आलों होतों तेंच आठवत नसे. एकत्र कुटुंबांत थकव्याला एक ठराविक नांव असतें, तें म्हणजे आळस. तोंडावर मला कोणी कांहीं बोललें नाहीं. पण माझीं कामें हळूहळू न सांगतां दुसरीकडे वांटलीं गेलीं, आणि तें बोलण्यापेक्षां अधिक लागलें. दीड वर्षानें कोणा पाहुण्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून रक्त तपासलें, तेव्हां टी. एस. एच. ३८ निघाला. त्या संध्याकाळपासून आमच्या घरांतून 'आळस' हा शब्द गेला आणि 'थायरॉईड' हा शब्द आला. जी गोष्ट मी दीड वर्ष तोंडानें सांगत होतें ती एका कागदानें क्षणांत पटवून दिली. मला आनंद झाला, हें खरें. पण माणसापेक्षां कागदावर बसलेला हा विश्वास आणखी एखाद्या प्रसंगीं आपल्या घराला अडचणींत आणील, असेंहि त्याच वेळीं मनांत येऊन गेलें.

तो प्रसंग सांगण्यापूर्वीं हा आंकडा मुळांत कशाचा, तें पाहिलें पाहिजे. थायरॉईड, म्हणजे अवटु ग्रंथि, ही कंठाच्या पुढच्या बाजूस असलेली फुलपांखराच्या आकाराची लहानशी ग्रंथि. ती जो रस रक्तांत सोडते त्याच्या योगानें शरीराची आंच टिकते. हृदयाचे ठोके, अन्नाचें पचन, त्वचेची मृदुता, मनाची तरतरी, या सर्वांना त्याची गरज असते. त्या रसाचा मुख्य अंश म्हणजे थायरॉक्सिन, यालाच अहवालांत टी-फोर म्हणतात. या ग्रंथीवर देखरेख ठेवणारी दुसरी ग्रंथि मेंदूच्या तळाशीं असते. तिला पीयूषिका म्हणतात. टी. एस. एच. हा थायरॉईडचा रस नव्हेच. ती पीयूषिकेनें थायरॉईडला मारलेली हांक आहे.

एकत्र कुटुंबांतील वाचकांस हें समजावयास कठीण पडूं नये. सासूबाई माजघरांतून हांक मारतात. सून पहिल्या हांकेला उठली तर आवाज मृदु राहतो, न उठली तर चढत जातो, आणि सून गरजेपेक्षां अधिक धांवपळ करूं लागली तर सासूबाई गप्प बसतात. म्हणून टी. एस. एच. वाढला म्हणजे बहुधा ग्रंथि मंद, आणि तो जवळजवळ नाहींसा झाला म्हणजे बहुधा ग्रंथि अनावर, असा हा उलटा हिशेब आहे. शिवाय ही हांक फार हळवी असते. टी-फोर थोडासा उतरला तरी ती कितीतरी पटींनीं चढते. म्हणूनच तपासणींत प्रथम तिचाच कानोसा घेतात.

या मंदपणावर औषध नव्हतें तो काळ फार जुना नाहीं. इंग्लंडांत डॉक्टर जॉर्ज मरे यांनीं १८९१ सालीं सेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचून पाहिला. ती बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षें जगली. १९१२ सालीं जपानच्या हाशिमोटो यांनीं ज्या विकाराचें वर्णन केलें, त्यांत शरीराचें रक्षक दलच आपल्या ग्रंथीवर उलटतें; जेथें मिठांतून आयोडीन पुरेसें मिळतें तेथें ग्रंथि मंदावण्याचें तेंच प्रमुख कारण आहे. केंडल यांनीं १९१४ सालीं अमेरिकेंत थायरॉक्सिन शुद्ध रूपांत वेगळें केलें, आणि हॅरिंग्टन व बार्जर यांनीं १९२७ सालीं तें प्रयोगशाळेंत घडविलें. आज आपण घेतों ती गोळी अशाच घडविलेल्या थायरॉक्सिनची असते. मेंढीशीं तिचा कांहीं संबंध उरलेला नाहीं, हें आमच्या सोंवळेकरी काकूंना मला एकदां पुष्कळ समजावून सांगावें लागलें होतें.

आतां तो प्रसंग. गेल्या वर्षींच्या श्रावणांत आमच्या घरीं एकाच दिवशीं तीन जणींचें रक्त तपासावयास गेलें. सासूबाईंना एक्याऐंशीवें वर्ष चालू होतें आणि त्यांना थकवा वाटत होता. माझी नेहमींची तपासणी होती. आणि आमच्या सूनबाईंना सातवा आठवडा लागला होता. आदल्या वर्षीं तिची एकदां निराशा झालेली होती, म्हणून सर्वांच्याच जिवाला घोर होता. संध्याकाळीं तिन्ही अहवाल भ्रमणध्वनीवर आले. सासूबाईंचा टी. एस. एच. ६.३, माझा ६.२, सूनबाईंचा ६.१. तिघींच्याहि आंकड्यांपुढें तें ठळक इंग्रजी अक्षर उमटलेलें होतें.

आमच्या घरचे बँकेंतून निवृत्त झालेले आहेत. तीन रकमा जुळल्या कीं खातें जुळलें, ही त्यांची जन्माची संवय. ते म्हणाले, "तिघींनाहि एकच दुखणं आहे." धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "मग आईंना वहिनींच्या बाटलींतलीच गोळी द्यावी. आणि वहिनींनीं जरा मोठी घ्यावी." एवढ्यांत काकूंनीं आपला निर्णय दिला, "पोरीला मात्र या दिवसांत कसलंहि औषध नको. बाळंतपण होऊं दे, मग पाहूं." प्रत्येकाच्या बोलण्यांत माया होती, पण तीं तीन माणसें कशीं आहेत, हें कागदावरून डोळे काढून कोणीच पाहिलें नाहीं. सूनबाई खालीं मान घालून बसली होती. "उद्यां सकाळीं डॉक्टरीणबाईंकडे सर्वांनीं जाऊं, तोंपर्यंत कोणी कांहीं घेऊं नये आणि कोणी कांहीं सोडूं नये," एवढें मीं ठामपणें सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरीणबाईंनीं अहवाल बाजूला ठेवले आणि प्रथम तिघींकडे पाहिलें. सासूबाईंची नाडी, जीभ, तळपाय पाहिले. त्यांचा टी-फोर योग्य होता. त्या म्हणाल्या, "आजी, वयाबरोबर हा आंकडा थोडा चढतोच. तुमच्या वयाला हा आजार म्हणतां येत नाहीं." पासष्टीपुढील ७३७ माणसांवर युरोपांत केलेला एक प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला आहे, अशा किंचित् वाढलेल्या आंकड्यासाठीं गोळी देऊन त्यांच्या थकव्यांत कांहीं फरक पडला नाहीं. उलट वृद्धपणीं ही गोळी अधिक झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात व हाडें झिजतात. सासूबाईंच्या थकव्याचा शोध पुढें चालविला, तेव्हां बी-बारा या जीवनसत्त्वाची मोठी न्यूनता सांपडली. शाकाहारी घरांत ती पुष्कळदां आढळते. आम्हीं घरींच माझी गोळी देऊन समाधान मानलें असतें, तर खरें कारण त्या गोळीच्या आड लपून राहिलें असतें. तीन महिन्यांनीं त्यांचा टी. एस. एच. पुन्हां पाहिला, तो कांहीं न करतां ५.७ वर आला होता.

माझ्या बाबतींत त्यांनीं एवढेंच विचारलें, "अलीकडे नवीन कांहीं सुरू झालं आहे का?" दोन महिन्यांपूर्वीं हाडांच्या डॉक्टरांनीं चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गोळी दिली होती आणि चिठ्ठीवर 'सकाळीं' असें लिहिलें होतें. चुना किंवा लोह पोटांत थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि तें रक्तांत पुरतें उतरत नाहीं. त्यामुळें दोहोंमध्यें चार तासांचें अंतर लागतें. थायरॉक्सिन सकाळीं उपाशीं पोटीं साध्या पाण्याबरोबर घ्यावें आणि चहासुद्धां अर्ध्या ते एक तासानें प्यावा. माझी मात्रा त्यांनीं तीच ठेवली. चुन्याची गोळी दुपारच्या जेवणानंतर गेली, आणि दोन महिन्यांनीं आंकडा २.४ आला. मात्रा वाढविली असती तर कालांतरानें चुना बंद होतांच तीच मात्रा मला जड गेली असती.

सूनबाईंचा कागद मात्र त्यांनीं दोनदां वाचला. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची ग्रंथि कामाला लागलेली नसते. आईच्या रक्तांतील थायरॉक्सिनवरच त्याच्या मेंदूच्या घडणीचा आरंभ होतो. म्हणून या दिवसांत मर्यादा इतरांहून खालीं धरतात. तिच्या रक्तांत ग्रंथीविरुद्धचीं प्रतिद्रव्येंहि सांपडलीं. त्या म्हणाल्या, "यांत थांबून पाहण्यासारखं कांहीं नाहीं. शरीरांत जें कमी आहे तेंच आपण भरून काढतों आहोंत. हें परकं औषध नव्हे." काकूंना हें शेवटचें वाक्य पटलें. गोळी त्याच दिवशीं सुरू झाली. दर चार आठवड्यांनीं रक्त पाहून मात्रा ठरत गेली, आणि चैत्रांत आम्हांला नात झाली. तिच्या टांचेंतून रक्ताचे थेंब घेऊन तिचीहि तपासणी केली. ती निर्दोष आली. ही तपासणी कोणींहि टाळूं नये. जन्मतःच ग्रंथि मंद असलेल्या बाळास पहिल्या दोन आठवड्यांत औषध मिळालें तर त्याची बुद्धि बहुधा इतरांप्रमाणेंच वाढते; उशीर झाला तर झालेली हानि पुरती भरून येत नाहीं.

म्हणजे ६ च्या आसपासच्या एकाच आंकड्याचा अर्थ एकीच्या बाबतींत 'स्वस्थ राहा', दुसरीच्या बाबतींत 'वेळ बदला' आणि तिसरीच्या बाबतींत 'आजच आरंभ करा' असा निघाला. त्यानंतर अहवालाकडे पाहण्याची आमच्या घराची रीतच बदलली. शेजारीं छापलेली मर्यादा, जी बहुधा ०.४ ते ४ च्या आसपास असते, ती कांहीं ब्रह्मलिखित नव्हे. शंभर निरोगी माणसांपैकीं पंचाण्णव ज्या टप्प्यांत बसतात तो टप्पा छापण्याची रूढि आहे. अर्थात् पांच निरोगी माणसें मुळांतच बाहेर राहतात. टी. एस. एच. रात्रीं चढतो आणि दुपारीं उतरतो, म्हणून दरवेळीं साधारण एकाच वेळीं रक्त द्यावें आणि होतां होईल तों एकाच प्रयोगशाळेंत द्यावें. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे धीर धरावा. रक्तांतील थायरॉक्सिन निम्में व्हावयास सात दिवस लागतात, त्यामुळें पंधरा दिवसांत केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखविते. टी-फोरचीं मापें दोन प्रकारचीं असतात. एकांतला १ दुसऱ्यांत जवळजवळ १३ होतो, तेव्हां आंकड्याआधीं माप वाचावें. आणि केंसांसाठीं बायोटिन घेत असल्यास तें रक्त देण्यापूर्वीं सांगावें. कांहीं यंत्रांत त्याच्यामुळें टी. एस. एच. खोटा उतरलेला दिसतो.

आमच्या घरच्यांनीं आतां एक वही घातली आहे. तींत तारीख, वेळ, मात्रा आणि आंकडा असे चार रकाने त्यांनीं स्वतः आंखले. पांचवा रकाना सूनबाईंनीं आंखून घेतला. त्याच्या माथ्यावर 'कसें वाटतें' असें लिहिलें आहे, आणि तो भरल्याशिवाय उरलेले चार भरावयाचे नाहींत असा तिचा दंडक आहे. सासूबाईंच्या ओळींत त्या रकान्यांत 'बरें आहे, पण दुपारीं झोंप येते' असें दर वेळीं असतें.

ज्या घरांत अशी गोळी आहे, त्या घरांतील वडीलधाऱ्यांस माझी एवढीच विनंति आहे कीं कागद वाचण्यापूर्वीं तो ज्या माणसाचा आहे त्याला एकदां विचारावें. आणि कागद निर्दोष आला तरी त्या माणसाचें गाऱ्हाणें खोटें ठरवूं नये. आमच्याकडे आतां कोणी थकल्याचें सांगितलें तर प्रथम तिच्या हातांतलें काम सांगून सवरून दुसरें कोणी घेतें. रक्त तपासावयाचें कीं नाहीं, तें मागाहून ठरतें.