आईच्या कुंड्या

माणसाला घराशी बांधून ठेवायला फार मोठा दोरखंड लागतो असे नाही. कुणाला दुधाचा रतीब पुरतो, कुणाला पाळलेले मांजर. आमच्या आईला गच्चीवरच्या बावीस कुंड्या पुरल्या. वय एक्क्याऐंशी, प्रकृती ठणठणीत. पण कऱ्हाडची सख्खी बहीण अंथरुणाला खिळून चार वर्षे झाली तरी आईचे जाणे होईना. ‘मोगरा ऐन कळीवर आलाय, त्याला पाणी कोण घालील?’ हा प्रश्न मे अखेरपर्यंत पुरे, आणि पुढे पावसाळ्यात तिला प्रवास नको. शेजाऱ्यांवर तिचा विश्वास नाही. ते पाणी घालत नाहीत, आंघोळ घालतात, असे तिचे म्हणणे.

म्हणून २०२४ च्या मे महिन्यात मी कुंड्यांनाच आपापले पाणी प्यायला शिकवायचे ठरवले. बाजारात यासाठी नळ्या मिळतात, तोट्या मिळतात. पण ज्या घरात फळीवर दहा वर्षांची संक्रांतीची सुगडे रचून ठेवली आहेत, त्या घराने बाजारात कशाला जावे?

सुगडाला झिलई नसते, आणि सगळी करामत तिथेच आहे. त्याच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. काठापर्यंत मातीत पुरून ते पाण्याने भरले, की भोवतालची कोरडी माती त्यातून पाणी ओढू लागते. माती ओलावली की ओढ मंदावते. तहान लागेल तेवढेच पाणी, आग्रहाचे वाढप नाही! चीनमधल्या फान शंग-ची या कृषिपंडिताने दोन हजार वर्षांपूर्वी खरबुजांसाठी असेच घडे पुरायला सांगितले होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पिंडीवर गळती टांगतात, तीही याच घराण्यातली. फरक इतकाच, की महादेवाला ‘पुरे’ म्हणायची सोय नाही.

सोनेरी रंग चढवलेली सुगडे मी बाजूला काढली. रंगाने छिद्रे बुजतात. उरलेल्यांवर आदल्या दिवाळीच्या पणत्या उपड्या घातल्या. झाकण झाले आणि डासांचे बाळंतपणही टळले.

पण एवढ्याशा सुगडात पाणी ते किती मावणार? वैशाखाच्या उन्हात दोन-तीन दिवसांची बेगमी. आठ दिवसांच्या मुक्कामासाठी वातीला शरण गेलो. समईच्या वातीतून तेल चढते, त्याच न्यायाने पाणीही चढते. झाकणाच्या बादलीत दोरीचे एक टोक दगड बांधून तळाशी सोडायचे, दुसरे कुंडीत चार बोटे खोल पुरायचे. सुताची वात पाणी छान ओढते, पण ओल्या मातीत लवकर कुजते. म्हणून मी पिळाची नायलॉनची दोरी घेतली आणि आधी भिजवून काढली. बादली खाली ठेवली तर चढण चढताना दोरी दमते. विटांवर ठेवून पाण्याची पातळी मातीच्या किंचित वर राखावी. फार उंच गेली तर कुंडीत चिखल. कोरफडीला मी काहीच लावले नाही. तिला आठ दिवसांत पाण्याची आठवणही होत नाही.

तालमीचे चार दिवस आई खुर्ची टाकून गच्चीत बसली. रोज सकाळी मातीत बोट खुपसायची आणि म्हणायची, ‘ओली आहे.’ त्या उद्गारात कौतुक कमी आणि काळजी जास्त. चौथ्या दिवशी म्हणाली, ‘मग आता मी सकाळी उठून करायचं काय?’

‘मावशीच्या उशाशी बसायचं,’ मी म्हटले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘माळ्यावरची बॅग काढ.’

कऱ्हाडला निघताना तिने मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यात बांधून घेतल्या. त्या दोघींचे आठ दिवस काय बोलणे झाले, ते मला ठाऊक नाही. मी खोलीत गेलो की दोघी गप्प होत.

परत आलो तेव्हा जास्वंदीची दोरी कावळ्याने उपसून टाकलेली होती. तिने निम्मी पाने गाळली होती. बाकी सारी मंडळी टवटवीत. आईने बॅगही न उघडता बावीस कुंड्यांतून बोट फिरवले, तांब्या भरून आणला आणि प्रत्येकीला चूळभर पाणी घातले.

‘अगं, ओल्या आहेत ना?’

‘असू देत. आठ दिवसांनी भेटतेय.’