पेणचे पापड, रोह्याचे वाल

रोह्याला जायचे तर वाटेत पेणला उतरायचे, हा आमच्या घराण्याचा कायदा आहे. रेल्वेच्या वेळापत्रकाला तो मान्य नाही. दिव्याहून पनवेल, आपटे करीत येणारी गाडी १९८६ साली रोह्यापर्यंत पोचली, पण आमचे अण्णा शेवटपर्यंत एसटीनेच गेले. त्यांचे म्हणणे एकच : "गाडी पेणला थांबते खरी, पण पापडापुरती थांबत नाही!"

पेण हे अण्णांचे गाव. म्हणजे आत्याचे माहेर. आत्या लग्न होऊन रोह्याला गेली, अण्णा नोकरीसाठी मुंबईला आले, आजी-आजोबांच्या मागे पेणचे घर विकले गेले. माहेर म्हणून दाखवायला चार भिंतीही उरल्या नाहीत. तेव्हापासून अण्णा वर्षातून एकदा पेणच्या स्टँडवर उतरत, पोह्याचे पापड, मिरगुंडे आणि पातळ पांढरे पोहे घेत आणि ते पुडके पोटाशी धरून पुढच्या गाडीत चढत. आत्या पुडके हातात घेई, नाकाशी नेई आणि म्हणे, "आलं माझं माहेर." लहानपणी मला हा शुद्ध नाटकीपणा वाटे. माहेराला हिंगाचा वास कसा येईल?

अण्णा गेले आणि तो कायदा माझ्याकडे वारसाहक्काने आला. गेल्या जानेवारीत आम्ही तिघे निघालो. मी, सौभाग्यवती आणि आमची कन्या. कन्या अकरावीत आहे आणि मोबाइलच्या डोळ्यानेच जगाकडे पाहते. पेणच्या अलीकडे खाडी लागली, मिठागरांचे चौकोन उन्हात चकाकू लागले, तेवढ्यात तिने चाळीस फोटो काढले. "यातले ठेवणार किती?" मी विचारले. "सगळे," ती म्हणाली. "पाहणार किती?" यावर तिने उत्तर दिले नाही.

पेणला आता गणपती हाच मोठा धंदा. शहरात आणि हमरापूर, जोहे अशा आसपासच्या गावांतून बारा महिने मूर्ती घडतात, परदेशीही जातात. जानेवारीत गेलात तर शेकडो गणपती रंगाविना, डोळ्यांविना ओळीने बसलेले दिसतील. डोळ्यांची आखणी हे सर्वांत अवघड काम, ते शेवटी. आमची कन्या बराच वेळ एका कारखान्याच्या दारात उभी राहिली आणि, नवल म्हणजे, मोबाइल न काढता परत आली. "अजून ते बघत नाहीयेत ना," ती म्हणाली, "मग फोटो कसा काढायचा?" मराठी शिकवून माझी वीस वर्षे गेली, पण एवढे चांगले वाक्य मला सुचले नव्हते.

पापडाच्या दुकानात मात्र मी प्राध्यापकपण बाहेर ठेवले. पोह्याच्या पिठात पापडखार, हिंग, मिरची घालून कुटलेला तो उंडा, त्याच्या लाट्या आणि वर तेलाचा थेंब! पापड लाटायला म्हणून आई आम्हाला बसवी आणि निम्म्या लाट्या पोळपाटापर्यंत पोचतच नसत. तयार पापड विकत घेणाऱ्याला हे सुख नाही. मी दुकानदारीणबाईंना भीतभीतच विचारले, "लाटी मिळेल का हो एखादी?" त्यांनी आत हाक मारली, बोरापेक्षा थोडी मोठी लाटी माझ्या तळहातावर आली. सौभाग्यवतींनी रक्तदाबाची आठवण करून दिली. उशीर झाला होता.

नागोठणे मागे टाकून रोह्यात शिरलो की कुंडलिका भेटते. धाटावच्या कारखान्यांनी या गावाला पैसा दिला आणि नदीला त्रास. पण सकाळच्या धुक्यात ती अजून जुनी दिसते. गावाचा अभिमान म्हणजे धावीर महाराज, ज्यांच्या पालखीला दसऱ्याच्या उत्सवात पोलिसांची मानवंदना मिळते. आणि दुसरा अभिमान म्हणजे चिंतामणराव देशमुख. ते १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. आमच्या आतोबांनी दोन रुपयांची एक जुनी नोट पोथीत जपून ठेवली होती. एका अंगाला राजाचे तोंड आणि खाली देशमुखांची सही. पाहुण्याला चहाच्या आधी ती दाखवायची. "राजा विलायतेचा, पण सही आपल्या माणसाची," असे म्हणून ते ती पुन्हा पोथीत ठेवीत. त्या पानांना तिचा पिवळा ठसा उमटला आहे.

आत्या ब्याऐंशी वर्षांची. पुडके तिने हातात घेतले, नाकाशी नेले. पण या खेपेस ती नेहमीचे वाक्य बोलली नाही. म्हणाली, "पाडव्यानंतर घर पाडायला घेतायत रे. मी पुण्याला जाते, मुलाकडे. त्याचा फ्लॅट चांगला आहे. लिफ्ट आहे."

लिफ्ट आहे, हे तिने दोनदा सांगितले.

संध्याकाळी पुतण्यांनी परसात पोपटी लावली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मातीच्या मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, रताळी, मीठ, ओवा. खाणाऱ्यांसाठी अंडी, कोंबडीही. पाणी थेंबभरही नाही. तोंड पाल्यानेच दडपायचे, मडके पालथे घालायचे आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ. शेंगा आपल्याच वाफेत शिजतात. झाली की नाही, हे पाहायला मडक्यावर पाण्याचे दोन थेंब टाकतात; चर्र झाले की उतरवायची. आत्या खुर्चीत बसून हुकूम सोडीत होती. "अजून नाही. थांबा. तुमच्या अण्णालाही असाच धीर नसे, हात भाजून घ्यायचा मेला!"

मला तिच्या खोलीतला फोटो हवा होता. १९६१ सालचा, तिच्या लग्नाआधी पेणच्या स्टुडिओत काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेला राजवाडा नि तळे, पुढे नऊवारीतली आत्या, शेजारी तेरा वर्षांचे अण्णा. त्यांच्या पायांतले बूट फोटोग्राफरचे आणि दोन मापे मोठे. त्या वयाचा अण्णांचा दुसरा फोटो नाही. पुण्याच्या सामानात तो कुठे जाईल, या धास्तीने मी विषय काढला. "आत्या, हा मी नेऊ का? मोठा करून, नवीन चौकट लावून ठेवतो."

ती थोडा वेळ शेंगा सोलीत राहिली. "ने की. तुझा बापच आहे," ती म्हणाली. आणि मग, मान वर न करता, "पण मग सकाळी उठल्यावर मी बोलू कोणाशी?"

फोटो तिच्याकडेच राहिला. कन्येने मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. काचेवर दिव्याची तिरीप आली, एकदा, दोनदा, पाचदा. शेवटी जो बरा आला त्यात राजवाड्याच्या पायऱ्यांवर आमच्या तिघांची पुसट प्रतिबिंबे आहेत आणि दारात उभी असलेली आत्याही. "मी पुन्हा काढते," कन्या म्हणाली. मीच नको म्हटले.

निघताना आत्याने कडव्या वालांनी भरलेला पत्र्याचा डबा हातात दिला. हा डबा तीस वर्षे रोहे-मुंबई करतो आहे. झाकणावरचे चित्र केव्हाच गेले. बिरड्यासाठी वाल कसे भिजवायचे, मोड कसे आणायचे, हे तिने सौभाग्यवतींना दरवर्षीप्रमाणे सांगितले आणि त्यांनीही दरवर्षीप्रमाणे प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकले. मग फाटकापाशी आत्याचे ठरलेले वाक्य आले : "डबा मात्र परत आणून द्या हं."

पावसाळ्यापूर्वी घर गेले. वाल मे महिन्यातच संपले. डबा धुऊन, पुसून, फळीवर ठेवला आहे. परवा पुण्याहून फोन आला. दिवाळीला येताय ना, म्हणून. मी हो म्हटले. मुंबईहून पुण्याच्या वाटेवर पेण काही लागत नाही, हे सौभाग्यवतींनी मला नकाशा काढून दाखवले. आम्ही एक दिवस आधी निघणार आहोत.